कंट्री गाणे रेडिओच्या यादीत वर कसे चढते: बेळगाव सीमाभागातील गीतकार-गायकांसाठी

बेळगावच्या शहापुरात माझी ध्वनिमुद्रणाची एक लहानशी खोली आहे. पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन येणारी भजनी मंडळे, खानापूर तालुक्यातून जात्यावरच्या ओव्या गायला येणाऱ्या बायका आणि चिक्कोडी-निपाणीकडचे धनगरी ओवीकार हे माझे जुने गिऱ्हाईक. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला गिटार घेऊन येणारी मुलेही वाढली आहेत. येळ्ळूर, उचगाव, कडोली अशा गावांतली ही मुले मोबाइलवर अमेरिकेतील कंट्री, म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाची, गाणी ऐकतात, त्या चालीवर आपल्या शेताची, उसाच्या फडाची, गाव सोडून पुण्याला गेलेल्या भावाची गाणी रचतात आणि काम संपल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात: ‘तिकडचे गाणे रेडिओवर एक नंबरला जाते तरी कसे?’

‘लोकांना आवडते म्हणून जाते’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. कंट्री गाणे वर चढते ते एकेका रेडिओ केंद्राच्या दारातून, आठवड्यामागून आठवडे केलेल्या कामामुळे. आणि त्या कामाला ठरलेला क्रम आहे. तो क्रम पुढे सांगितला आहे आणि आपल्या भागातील गाणाऱ्याला त्यातले काय घेता येईल हेही जागोजाग नोंदवले आहे.

यादी कशाची आहे, हे आधी ओळखावे

‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाने ग्रामीण संगीताची पहिली क्रमवार यादी ८ जानेवारी १९४४ रोजी छापली. ती रेडिओची नव्हती. खाणावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत नाणे टाकून तबकडी वाजवण्याची जी जूकबॉक्स यंत्रे असत, त्यांच्यावर कोणते गाणे अधिक वाजले याची ती नोंद होती. रेडिओवरील निवेदकांनी वाजवलेल्या गाण्यांची यादी १९४९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये निरनिराळ्या याद्या एकत्र करून एकच यादी झाली. पुढे कित्येक वर्षे केंद्रांकडून आणि दुकानांकडून त्यांनी स्वतः सांगितलेली माहिती घेऊन क्रम लावला जाई, त्यामुळे सांगणाऱ्याच्या शब्दावर सारे अवलंबून असे. २० जानेवारी १९९० पासून हे बदलले. यंत्र रेडिओचे प्रक्षेपण ऐकून गाणे ओळखू लागले आणि प्रत्येक वाजवणी आपोआप मोजली जाऊ लागली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये या यादीचे दोन भाग झाले आणि आपल्या मुलांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. ‘हॉट कंट्री साँग्ज’ या यादीत रेडिओबरोबर विक्री आणि इंटरनेटवरील ऐकणेही धरतात. ‘कंट्री एअरप्ले’ ही मात्र निव्वळ रेडिओची यादी आहे. तिच्यात साठ गाणी असतात आणि ती देशभरातील साधारण दीडशे कंट्री केंद्रांच्या प्रक्षेपणावरून ठरते. क्रम लावताना गाणे किती वेळा वाजले एवढेच पाहत नाहीत. त्या त्या वेळी ते किती कानांपर्यंत पोहोचले असावे याचा हिशेब करतात. डॅलस किंवा शिकागोसारख्या मोठ्या शहरात सकाळी आठ वाजता, लोक गाडीतून कामाला निघालेले असताना, एकदा वाजलेले गाणे लहान गावात पहाटे तीनला अनेकदा वाजलेल्या गाण्यापेक्षा अधिक वजनाचे ठरते.

या दोन याद्यांमध्ये किती अंतर पडू शकते याचे ठळक उदाहरण २०२४ सालचे आहे. अमेरिकी गायिका बियॉन्से यांचे कंट्री वळणाचे गाणे त्या फेब्रुवारीत ‘हॉट कंट्री साँग्ज’मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि तेथे पोहोचणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या, पण निव्वळ रेडिओच्या यादीत तेच गाणे पहिल्या दहातही आले नाही. लोक ऐकत होते, केंद्रे तितकी वाजवत नव्हती. तेव्हा कोणतेही गाणे ‘एक नंबर’ झाल्याचे ऐकले की कोणत्या यादीत, हे आधी विचारावे.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा भेद समजावणे सोपे जाते, कारण त्यांनी गीतमाला ऐकलेली आहे. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या आवाजात सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाची क्रमवारी तबकड्यांच्या विक्रीवर आणि श्रोता मंडळांच्या पत्रांवर ठरत असे. म्हणजे ती श्रोत्यांच्या आवडीची यादी होती. कंट्री एअरप्ले ही केंद्रांच्या निवडीची यादी आहे.

गाणे असे बांधावे की ते मध्येच लागले तरी ओळखू यावे

कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात गीतलेखन हे नेमाने करायचे काम मानले जाते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दोन किंवा तीन गीतकार प्रकाशकाच्या, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्याच्या, खोलीत बसतात, बहुधा नुसत्या शीर्षकापासून सुरुवात करतात आणि संध्याकाळपर्यंत गाणे उभे करतात. मग प्रकाशक ते गायकांच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना ऐकवतो. एखाद्याला पसंत पडले तर तो ते काही काळ राखून ठेवायला सांगतो. राखून ठेवलेली बहुतेक गाणी पुढे रेकॉर्ड होतच नाहीत, तरी गीतकार दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला हजर असतो. १९८२ मध्ये तेथे सुरू झालेल्या ब्लूबर्ड कॅफेत हेच गीतकार गोल बसून आपापली गाणी साध्या गिटारवर गातात. पुढे कंट्रीचे मोठे गायक ठरलेल्या गार्थ ब्रूक्स यांना १९८८ मध्ये ध्वनिमुद्रणाचा करार मिळाला तो एका कंपनीच्या माणसाने तेथे त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकल्यावर. आधी तीच कंपनी त्यांना नाही म्हणाली होती.

रेडिओसाठीचे गाणे साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे असते. वाद्यांची सुरुवात अगदी थोडी, शीर्षकाचे शब्द ध्रुपदात (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींत) आणि ध्रुपद पहिल्या मिनिटाच्या आत. यामागे व्यवहार आहे. केंद्रे श्रोत्यांना गाण्याचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा ऐकवून ‘हे ओळखीचे आहे का, आवडते का, कंटाळा आला आहे का’ असे विचारत आली आहेत. त्या तुकड्यात गाण्याची ओळख पटली नाही तर गाणे मागे पडते.

हे मी फार उशिरा शिकलो. एका भजनी मंडळाच्या गाण्याला मी सव्वा मिनिटाची सुरावट लावली होती. पेटीचा एक आलाप, मग पखवाजाची उठान, मग टाळ. मला ती फार आवडली होती. आम्ही ती घेऊन एका केंद्रावर गेलो. ऐकणाऱ्या गृहस्थांनी पन्नास सेकंद वाट पाहिली, बटण दाबून गाणे बंद केले आणि शांतपणे विचारले, ‘बुवा गातात केव्हा?’ बुवांचा आवाज त्या खोलीत त्या दिवशी ऐकूच आला नाही. शेजारी बसलेल्या बुवांच्या मांडीवर दुमडलेले हात मला अजून दिसतात. तेव्हापासून माझ्या खोलीत एक नियम आहे: घड्याळाकडे पाहून पंधरा सेकंदांत गळा सुरू झाला पाहिजे. मोठी सुरावट हवीच असेल तर ती मंदिरातल्या किंवा मंडपातल्या गायनासाठी वेगळी ठेवावी.

ध्रुपदाची पारख करण्याचा सोपा मार्ग असा. वाद्ये बाजूला ठेवून नुसते ध्रुपद दहा जणांना एकदाच म्हणून दाखवावे. त्यांत दोन लहान मुले आणि दोन म्हातारी माणसे असावीत. चहा होईपर्यंत दुसरे बोलत राहावे आणि मग विचारावे. निम्म्यांना शब्द आठवले नाहीत तर ध्रुपद पुन्हा लिहावे. आपल्याकडे या बाबतीत मोठी पुंजी आहे. भारुडाचे पालुपद, गोंधळातील झील, ओवीचा शेवटचा चरण हे सगळे एकदा ऐकून मागे म्हणता येईल अशाच रीतीने घडलेले असतात.

शब्दांत नेमकेपणा असावा. कंट्री गीतकार ‘प्रेम’ आणि ‘दुःख’ हे शब्द टाळून मातीचा रस्ता, वडिलांची जुनी गाडी, दारातला पायरीचा दगड असे काही दाखवतो. आपल्या गाण्यात ‘गावाची आठवण येते’ असे म्हणण्याऐवजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून परतलेल्या आईच्या पदराचा वास येऊ द्यावा. सीमाभागातल्या घराघरांत मराठीत सहज मिसळलेले कानडी शब्दही गाण्यातून गाळू नयेत. ते आपल्या बोलीचे आहेत आणि त्यांच्यामुळे गाणे कोणत्या मातीतले आहे हे ऐकताक्षणी कळते.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो. नॅशव्हिलचे वादक स्वरलिपी न वाचता आकड्यांवर वाजवतात: पहिला, चौथा, पाचवा असे स्वरसंगतींचे (कॉर्डचे) आकडे कागदावर लिहिले की गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने रुजवली. आपल्या गाणाऱ्याला यात नवल वाटायला नको, कारण आपला षड्जही गळ्यानुसार सरकतो आणि सरगम तीच राहते. गिटारवाल्या मुलाला आणि पेटीवाल्या काकांना एकत्र बसवायचे असेल तर याच धाग्याने बसवावे.

नावे आणि हक्क आधी, वाजवणे नंतर

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणे वाजले की गीतकाराला आणि प्रकाशकाला मानधन मिळते. गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला त्या वाजवण्याबद्दल काहीच मिळत नाही. म्हणूनच नॅशव्हिलमध्ये पहिल्या क्रमांकाचा सोहळा होतो तो मुख्यतः गीतकारांचा, आणि म्हणूनच कोणी किती ओळी लिहिल्या यावर वाद न घालता खोलीत बसलेल्या सर्वांनी समान वाटा घेण्याची रीत तेथे पडली आहे. वाटा ठरतो त्याच दिवशी, गाणे गाजण्याच्या आधी.

भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क अधिक पक्का केला. त्यांच्या वतीने मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. स्वतःचे लिहिलेले किंवा चाल दिलेले गाणे प्रसिद्ध झाले असेल त्याने तिचे सभासद होण्याची चौकशी अवश्य करावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळखक्रमांक घ्यावा. गाणे इंटरनेटवर चढवणारे वितरक तो बहुधा देतात. तो नसेल तर वाजवलेले गाणे कोणाचे, हे मोजणाऱ्याला कळणे अवघड होते.

कागदाचे हे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक याच कामातली आहे. खानापूर तालुक्यातील एका आजींच्या ओव्या आम्ही घेतल्या होत्या. लिखित कागद नव्हता. त्या डोळे मिटून गात होत्या आणि मधूनच उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरत होता. वेष्टनावर मी सवयीने ‘पारंपरिक’ असे छापले. काही महिन्यांनी त्या नातवाला घेऊन आल्या, वेष्टन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘निम्म्या ओव्या आईच्या, निम्म्या माझ्या. माझं नाव कुठं लिवलंय?’ कुठेच लिहिले नव्हते. आज मी लोकगीत म्हणून आलेल्या प्रत्येक गाण्याबद्दल विचारतो की कोणत्या ओळी ऐकलेल्या आणि कोणत्या जुळवलेल्या. परंपरेच्या नावाखाली जिवंत माणसाचे श्रम पुसले जाऊ नयेत.

केंद्राच्या दारी स्वतः जावे

कंट्री गाण्याचा खरा चढ येथे सुरू होतो. प्रत्येक केंद्रात कोणती गाणी वाजवायची हे ठरवणारा एक प्रोग्रॅम डायरेक्टर आणि बहुधा एक म्युझिक डायरेक्टर असतो. येथे म्युझिक डायरेक्टर म्हणजे आपल्याकडचा संगीत दिग्दर्शक नव्हे. केंद्राची गाण्यांची यादी सांभाळणारा माणूस असा त्याचा अर्थ आहे. ध्वनिमुद्रण कंपनीचे प्रचारक भाग वाटून घेतात, आपापल्या भागातील या माणसांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवतात आणि त्यांना दर आठवड्याला फोन करतात. गाण्यासाठी एक सोमवार ठरवला जातो आणि त्या दिवशी जास्तीत जास्त केंद्रांनी ते आपल्या यादीत घ्यावे असा प्रयत्न असतो. त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून नवा गायक गिटार घेऊन गावोगावच्या केंद्रांत जातो, बैठकीच्या खोलीत पाच-सहा कर्मचाऱ्यांसमोर दोन-तीन गाणी गातो, त्यांच्याबरोबर जेवतो आणि पुढच्या गावाला निघतो. याला तिकडे रेडिओ टूर म्हणतात. दर वर्षी नॅशव्हिलमध्ये कंट्री रेडिओ सेमिनार भरतो, तेव्हा हीच माणसे एका ठिकाणी भेटतात.

या रीतीचे सर्वांत जिवंत उदाहरण लोरेटा लिन यांचे आहे. केंटकीतील कोळसा खाणकामगाराची ही मुलगी. लहान वयात लग्न होऊन दूर वॉशिंग्टन राज्यात राहायला गेलेली. १९६० मध्ये एका अगदी छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली, तेव्हा प्रचारक ठेवण्याइतके पैसे कोणाकडेच नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या पतीने तबकड्या टपालाने केंद्रांना पाठवल्या आणि मग स्वतः मोटारीने केंद्रामागून केंद्र गाठत निघाले; रात्री गाडीतच झोपत, पाव खाऊन दिवस काढत, निवेदकाला भेटून ‘आमचे गाणे ऐका’ एवढेच सांगत. ते गाणे बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे लोरेटा लिन कंट्री संगीताच्या सर्वांत मोठ्या नावांत गणल्या गेल्या, पण मला त्यांचा तो मोटारीतला प्रवास अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या आवाक्यातला आहे.

आपल्याकडे मराठी लोकगीतांची दर आठवड्याची अशी मोजलेली रेडिओ यादी नाही. म्हणून आपली शिडी वेगळी आहे, तरी पायऱ्या त्याच जातीच्या आहेत. बेळगावचा माणूस दोन बाजूंचा रेडिओ ऐकत वाढतो: ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेले धारवाड केंद्र कानडीसाठी आणि हिंदुस्थानी संगीतासाठी, आणि ६ ऑक्टोबर १९६३ पासूनचे सांगली केंद्र मराठीसाठी. आकाशवाणीवर गाण्यासाठी ध्वनिचाचणी द्यावी लागते. लोकसंगीत, सुगम संगीत आणि शास्त्रीय संगीत यांच्या चाचण्या वेगळ्या असतात आणि उत्तीर्ण कलाकाराला श्रेणी मिळते. अर्ज करण्यापूर्वी आपले गाव कोणत्या केंद्राच्या क्षेत्रात धरले जाते हे केंद्राकडेच विचारून घ्यावे; सीमाभागात हा प्रश्न दरवेळी उभा राहतो आणि अंदाजाने अर्ज केल्यास महिने वाया जातात. चाचणीला जाताना आपल्या प्रकाराचे नाव नेमके लिहावे. ‘लोकगीत’ एवढेच लिहू नये. जात्यावरची ओवी, धनगरी ओवी, भारूड, पोवाडा, जोगतिणींची चौंडक्यावरची गाणी असे स्पष्ट लिहावे. परीक्षकासमोर तयारीची गाणी मोजकी असावीत, पण प्रत्येकाची चाल आणि ठेका वेगळा असावा.

दुसरी पायरी सामुदायिक रेडिओची. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. त्याआधी ती शैक्षणिक संस्थांपुरती होती. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचे वेणुध्वनी हे एफएम ९०.४ वरचे केंद्र आहे. अशा केंद्राचा आवाका काही मैलांचाच असतो, पण स्थानिक कलाकारांना जागा देणे हा त्यांच्या स्थापनेच्या हेतूचाच भाग आहे, म्हणून नव्या गाणाऱ्याने तेथूनच सुरुवात करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

केंद्रात जाताना बरोबर काय न्यावे? गाण्याची पूर्ण गुणवत्तेची प्रत पेन ड्राइव्हवर न्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत दबलेली असू शकते आणि मग प्रक्षेपणात तिचा आवाज बसका येतो. एका पानावर गाण्याचे नाव, ध्रुपदाच्या दोन ओळी, गीतकार, चाल देणारा, गायक, वादक, कालावधी मिनिट-सेकंदांत आणि संपर्क लिहावा. निवेदकाला बोलायला एक खरी गोष्ट द्यावी: हे गाणे कोणत्या गावात, कोणत्या प्रसंगी रचले गेले. आणि गाणे एकच न्यावे. बारा गाण्यांची पिशवी घेऊन जाणाऱ्याचे एकही गाणे ऐकले जात नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. कंट्री कंपन्याही एका वेळी गायकाचे एकच गाणे केंद्रांपुढे ठेवतात आणि ते पुरते चढेपर्यंत किंवा पडेपर्यंत सहसा दुसरे पुढे करत नाहीत.

चढण सावकाश असते

यादीत घेतलेले गाणे लगेच सकाळी वाजत नाही. आधी ते रात्री उशिरा, पहाटे असे वाजते. मग श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून दिवसा थोडे, मग अधिक. लहान केंद्रांत रुजले की त्यांचे आकडे दाखवून प्रचारक मोठ्या केंद्रांकडे जातो. कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकापर्यंत जायला अनेक महिने लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. कंट्री गायक ट्रॅव्हिस डेनिंग यांचे गाणे २०२० मध्ये कंट्री एअरप्लेच्या शिखरावर पोहोचले तेव्हा ते यादीत आल्याला पासष्टावा आठवडा चालू होता. चित्रपटगीतांच्या आठवडाभराच्या गाजावाजाची सवय झालेल्या आपल्या मुलांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो.

शिखर जवळ आले की प्रचारक सर्व केंद्रांना एकाच आठवड्यात वाजवणी वाढवण्याची विनंती करतात, त्यामुळे पहिला क्रमांक पुष्कळदा एकाच आठवड्यापुरता असतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरे गाणे तेथे येते. वीस आठवड्यांहून जुने झालेले गाणे उतरतीला लागून पहिल्या दहाच्या खाली गेले की त्याला चालू यादीतून काढून जुन्या गाण्यांत धरतात.

आपण आपली मोजणी स्वतः करावी. माझ्याकडे एक साधी वही आहे. तिच्यात तारीख, वेळ, केंद्र, कार्यक्रमाचे नाव आणि कोणी ऐकून कळवले एवढे रकाने आहेत. मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी रेडिओ ऐकतेच. गाणे लागले की एक निरोप पाठवायचा, वहीत नोंद करायची. श्रोत्यांनी केंद्राला पत्रे पाठवावीत, पण ती खरी असावीत. एकाच हस्ताक्षरातली वीस पत्रे केंद्रातल्या माणसाच्या लगेच लक्षात येतात आणि मग खऱ्या पत्रालाही किंमत राहत नाही.

पैसे देऊन वाजवून घेऊ नये

अमेरिकेत लपून पैसे देऊन गाणे वाजवून घेण्याच्या प्रकाराला ‘पेओला’ म्हणतात. १९५९-६० मध्ये तेथील संसदेच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली आणि १९६० च्या कायद्याने, श्रोत्यांना न सांगता पैसे घेऊन गाणे वाजवणे हा दहा हजार डॉलरपर्यंत दंडाचा आणि एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. तरी तो पूर्ण थांबला नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर सोनी बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीने एक कोटी डॉलर भरून तडजोड केली. अडथळे फक्त पैशाचे नाहीत. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे ठेवावीत यावरची मर्यादा उठवली आणि एकेका कंपनीच्या हाती शेकडो केंद्रे आली. त्यामुळे निवडणारी माणसे कमी झाली आणि दारे मोजकी उरली. २०१५ मध्ये कीथ हिल या रेडिओ सल्लागाराने स्त्री गायिकांची उपमा सॅलडमधल्या टोमॅटोच्या फोडींशी दिली आणि त्यांची गाणी लागोपाठ वाजवू नयेत असा सल्ला दिला. त्यावर मोठा संताप उसळला आणि तो योग्यच होता. आपल्या भागात जात्यापासून गौरीच्या फेरापर्यंत गाण्याचा सगळा भार स्त्रियांनी वाहिला आहे. एखाद्या मंडळाने गाणे केंद्राला देताना ‘बायकांचा आवाज मागे ठेवा’ असे सांगितले तर मी ते काम घेत नाही.

आपल्याकडे फसवणूक वेगळ्या रूपात येते. ‘तुमचे गाणे सगळ्या केंद्रांवर लावून देतो’ असे सांगून एका मध्यस्थाने माझ्या ओळखीच्या एका मंडळाकडून वर्गणीतून जमवलेली रक्कम घेतली आणि नंतर फोन उचलणे बंद केले. आकाशवाणीवर निवडलेल्या कलाकाराला करार आणि मानधन केंद्राकडून मिळते. चाचणीचे ठरलेले शुल्क सोडले तर कलाकाराने कोणाला काही द्यायचे नसते. जो पैसे मागतो त्याच्याकडे पावती आणि लेखी करार मागावा. बहुतेक वेळा बोलणे तेथेच संपते.

चाचणीत नापास झाल्यास निराश होऊन गाणे बदलू नये. आधी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे. माझ्या अनुभवात पडलेल्या गाण्यांत चाल वाईट असण्यापेक्षा तीन दोष अधिक आढळतात: पेटी आणि गळा यांच्या सुरांत किंचित फरक, ढोलकी इतकी पुढे की शब्द बुडतात आणि गायकाने आपल्या नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन स्वर वर गाणे. पट्टी खाली घ्यावी, ढोलकीचा मायक्रोफोन हातभर मागे सरकवावा, शब्द घरच्या माणसाला कागदाशिवाय लिहून घ्यायला सांगावेत आणि जेथे त्याला कळले नाही तेवढीच ओळ पुन्हा गावी. पुन्हा अर्ज केव्हा करता येईल ते केंद्राकडून विचारून ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.